शिट्टीवरचं स्वगत

नाटकाच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे आता ‘ध्वनिसंकल्पना’ असं छापतात. पूर्वी ‘पार्श्वसंगीत साहाय्य’ छापत, त्याच्याही आधी काहीच छापत नसत. अकोल्यात मला सगळे आवाजवाली म्हणतात, आणि तेच बरोबर आहे. नाटकात कुत्रं भुंकायचं असेल तर ते वेळेवर भुंकलं पाहिजे, एवढं माझं काम. उशिरा भुंकलं तर लोक हसतात. आधी भुंकलं तर जास्त हसतात.

मी चौथीपर्यंत शिकले. लग्न होऊन अकोल्यात आले तेव्हा नवऱ्याचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्नं, सभा, जयंत्या, सप्ते, सगळीकडे त्याचे भोंगे जात. नाटकाचं काम त्याला आवडत नसे. म्हणायचा, “एका कुत्र्यापाई तीन घंटे बसा लागते. आपल्याच्यानं नाई होत बाप्पा.” म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला बसायची सवय होती. घरातही मी बसूनच होते, तर इथे विंगेत बसले.

तेव्हा सगळं हातानं करावं लागे. पत्रा हलवला की वीज. सुपात तुरी फिरवल्या की पाऊस. आमच्याकडच्या नाटकांत घोडे फारसे येत नसत, बैलगाड्या येत. बैलगाडीचं चाक मी एका खाटेच्या सैल पायातून काढायची. ती खाट आम्ही गावोगाव नेली, तिच्यावर झोपलोही. पुढे कॅसेटी आल्या. अकोल्याच्या मे महिन्यात गाडीत राहिलेली कॅसेट वाकडी व्हायची, आणि मग नाटकातली सासू बाप्याच्या आवाजात आरती म्हणायची. एकदा मालगाडीचा आवाज घ्यायला मी धामणगाव रेल्वेला गेले. टेपरेकॉर्डर पोटाशी धरून फलाटाच्या टोकाला बसले होते. एक हमाल आला.

“कोन्त्या गाडीनं जातं बाई?”

“जात नाई. मले निस्ता आवाज पायजे.”

त्याने टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. मग म्हणाला, “घरून कोनी भांडून काढलं का?” आणि चहा आणून दिला. त्या टेपमध्ये मालगाडीच्या आधी त्याचं हे वाक्य आहे.

आता सगळं लॅपटॉपमध्ये असतं. कळ दाबली की होतं. काम सोपं झालं आणि मला कंटाळा यायला लागला, खोटं कशाला बोलू. हल्लीच्या पोरांना सगळ्या नाटकाखाली एक घूं असा आवाज पाहिजे असतो. ते त्याला वातावरण म्हणतात. मला आमचा जुना फ्रीज आठवतो. गुडघे गेलेत. थिएटरमधली आवाजाची खोली नेहमी वरच्या मजल्यावर असते, आणि तिच्या जिन्याला कठडा कधीच नसतो. दर वर्षी म्हणते, हे शेवटचं. मग कोणीतरी येऊन बसतं आणि मी चहा टाकते.

मागच्या वर्षी आली ती माझी मैत्रीण. आम्ही एका वयाच्या. ती नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, आणि आमच्या भागात हौशी नाटकात काम करणारी तिच्याइतकी चांगली बाई मी पाहिली नाही. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. नवरा वारला, मुलगा आणि सून यांच्याजवळ राहते. माझ्याशी ती निम्म्या वेळा भांडतच बोलते.

त्या दिवशी भांडली नाही. बसली, चहा अर्धा प्यायली आणि म्हणाली, “मी विसरून राहिली वं.”

“सगळेच विसरतात.”

“तसं नाई. परवा दिवशी तालमीत उभी व्हती. समोरची पोरगी माह्याकडे पायते, मी तिच्याकडे पायतो. कोनाचं वाक्य हाये तेच समजे ना.”

“डॉक्टरले दाखवलं?”

“दाखवलं. गोळ्या देल्ल्या. पोराले माईत हाये थोडं. नाटकवाल्यायले माईत नाई. त्यायले समजलं तर दुसरी पायतील. आन मंग मी घरी बसीन. घरी बसली का संपली मी.”

“मग मले काहून सांगून राहिली?”

“तू दिवसभर तिथं बसलेलीच असतं. काहीतरी कर.”

तिचं असंच असतं. विनंतीसुद्धा हुकमासारखी.

स्पर्धेसाठी बसवलेलं नाटक एका खानावळवाल्या बाईचं होतं. अमरावतीत कॉलेजच्या पोरांची मेस चालवून ती म्हातारी झाली आहे आणि आता मेस बंद करणार आहे. सगळं स्वयंपाकघरात घडतं. म्हातारीचं काम माझ्या मैत्रिणीकडे, त्यात तीन मोठी स्वगतं. पहिलं, जेवून गेलेल्या पोरांबद्दल. दुसरं, मेलेल्या नवऱ्याशी भांडण. तिसरं, मेस बंद करते तेव्हाचं. बाकी वाक्यं लहान होती, ती समोरच्याच्या बोलण्यावरून तिला सुचत. स्वगताला समोर कोणी नसतं, तिथे ती अडकायची. विंगेतून कुजबुजून वाक्य सांगता आलं असतं, पण स्पर्धेत परीक्षक पुढेच बसतात, आणि तिला कानाने थोडं कमी येतं. तिला ऐकू जाईल एवढं कुजबुजलं तर बाल्कनीतही ऐकू गेलं असतं.

उपाय मी शोधला नाही, तो सापडला. तालीम अकोल्यातल्या एका शाळेच्या वर्गात होती. बाकं जोडून ओटा केला होता. ती दुसऱ्या स्वगताशी अडकली. दिग्दर्शक, तो कॉलेजात शिकवतो, चांगला पोरगा आहे, दरवाज्यात फोनवर बोलत होता. मी सहज म्हणून त्या प्रसंगासाठी लॅपटॉपमध्ये घेतलेली कुकरची शिट्टी वाजवून पाहिली. शिट्टी झाली आणि तिने मान वर केली. म्हणाली, “ताट वाढलं होतं. असं ताटावरून उठून कोणी जाते काय?” आणि पुढे सगळं स्वगत एका दमात, एक शब्द न चुकता. मी तिच्याकडे पाहिलं. तिने डोळा मारला.

मग आम्ही दोघींनी ते बसवलं. ती रोज दुपारी माझ्या घरी यायची. सिलिंडर फरशीवर आपटल्याचा आवाज झाला की पोरांचं स्वगत. कुकरची शिट्टी झाली की नवऱ्याचं. दारावरची बेल वाजली की शेवटचं. मी आवाज द्यायची, ती म्हणायची. चुकली की पुन्हा आवाज, पुन्हा स्वगत. दमायची ती आणि मीही. मध्येच माझ्यावर चिडायची, “माह्या वर्गात असती तर तुले बाकावर उभी केली असती.” मी म्हणायची, “तुह्या वर्गात असती तर चौथीच्या आधीच पळून गेली असती.” पण बसलं. शब्द कुठे साठवले जातात ते मला माहीत नाही. तिचे त्या शिट्टीमागे साठले होते, एवढं खरं. तालमीत दिग्दर्शक म्हणाला, “काकू, तुमचे आवाज एकदम नैसर्गिक वाटतात.”

एक गोष्ट आमच्या दोघींच्या डोक्यात आली नाही. आवाज आम्ही स्वयंपाकघरातले घेतले होते, आणि स्वयंपाकघर तिच्या घरीही होतं.

रविवारी सकाळी तिचा मुलगा आणि सून माझ्या दारात उभे. मुलगा बसेना. सून खुर्चीच्या काठावर बसली आणि तीच बोलली.

“मावशी, आई आता बाबांशी बोलून राहिल्या. रोज. कुकर झाला का सुरू होतात. ताट वाढलं होतं, म्हणतात. काल हे जेवायले बसले होते. ह्यायच्याकडे पाहून म्हणाल्या, असं ताटावरून उठून कोणी जाते काय.”

“मी उठलोच नोतो,” मुलगा म्हणाला. “मी म्हटलं, आई, मी कुठं उठलो? तर थांबलीच नाई. पूर्ण बोलली आन मंग वरण मागितलं.”

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला वाटत होतं सासऱ्यांची आठवण सासूच्या डोक्यात शिरली. मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही. मग सांगितलं, की ते नाटकातलं आहे. कसं बसवलं तेही सांगितलं. लपवून उपयोग नव्हता.

मुलाचा चेहरा लाल झाला. “म्हणजे तुमी माह्या मायले असं शिकवलं? सर्कशीतल्या कुत्र्यासारखं?”

“हो. तिनंच सांगितलं शिकव म्हणून.”

“तिले काय समजते आता!”

“तुह्यापेक्षा जास्त समजते. नाटक सुटलं तर काय होईल ते तिले समजते.”

“नाटक बंद. मी आजच तुमच्या दिग्दर्शकाले सांगतो.”

मी म्हटलं सांग. त्याची आई, त्याचा हक्क. मी कोणाच्या घरात जाऊन भांडत नाही, गुडघेच तेवढे नाहीत. पण सून उठली नाही. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “काल किती दिवसांनी आई एवढं सलग बोलल्या, ते पाह्यलं का तुमी?” मग ती माझ्याकडे वळली. “प्रयोग होईपर्यंत मी भात गंजात उघडाच शिजवतो. डाळही. कुकर काढतच नाई.”

“आन शेजारचे?” मी विचारलं. तिच्या घराला दोन्ही बाजूंनी भिंतीला भिंत लागून घरं आहेत. सकाळी साडेनऊला ती सगळी गल्ली शिट्ट्या मारते.

“त्याचं मी पायतो,” ती म्हणाली.

कसं पाहते ते मी विचारलं नाही. माझं काम तेवढ्यानं झालं होतं. मुलगा जाताना म्हणाला, “एकच प्रयोग. त्याच्यानंतर नाई.” मी मान डोलावली. तालमी तशाच झाल्या. वर्गात बाकांच्या ओट्यासमोर उभं राहून ती दर वेळी शिट्टीवर सगळं बोलली. मला वाटलं, निभलं.

प्रयोग अमरावतीला होता. टेम्पोत सामान, आम्ही बायका एसटीने, तिचा मुलगा आणि सूनही सोबत. तिथे सेट लागला तेव्हा दिग्दर्शक खूश होता. कुठून कुठून भांडी गोळा केली होती. खरी फळी, खरा ओटा, त्यावर खरी गॅसची शेगडी आणि शेगडीवर खरा कुकर. सिलिंडर रिकामा, एवढंच. माझी मैत्रीण ओट्यावरून हात फिरवत उभी राहिली. म्हणाली, “बरा हाये. माह्या घरचा यापेक्षा उंच हाये.” मी जिना चढून वर गेले. कठडा नव्हता.

नारळ फुटला, तिसरी घंटा झाली. सिलिंडर आपटला. पहिलं स्वगत तिने असं म्हटलं की मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं खोकायची थांबली. ती खोलीच्या काचेतून मला लहान दिसत होती, अंगठ्याएवढी. मी शिट्टीच्या कळेवर बोट ठेवून बसले. समोरची पोरगी आपलं वाक्य बोलून आत गेली. ती एकटी राहिली. मी शिट्टी दिली.

तिने मान वर केली, नेहमीसारखी. मग वळली. शेगडीशी गेली, वाकून नसलेली ज्योत पाहिली आणि बटण फिरवून गॅस बारीक केला. पुन्हा वाकून पाहिली. पदराला हात पुसला आणि स्टुलावर बसली. चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान.

सभागृहात कोणी हललं नाही. त्यांना वाटलं, आता बोलेल. मी वाट पाहिली. विंगेत दिग्दर्शकाची सावली खालीवर होताना मला दिसत होती. काय करावं ते मला समजेना, म्हणून जे हातात होतं ते केलं. पुन्हा शिट्टी दिली.

ती उठली आणि तिने गॅस बंद केला.

कोणीतरी हसलं. मग बायकांच्या बाजूने टाळ्या आल्या. काहून आल्या ते त्यांनाच माहीत. तिसरी शिट्टी दिली असती तर तिने कुकर उतरवून ठेवला असता, मला खात्री आहे. मी ते स्वगत सोडलं आणि बेल वाजवली. बेल वाजल्याबरोबर ती उभी राहिली आणि शेवटचं स्वगत बोलली. एक शब्द सुटला नाही. पडदा पडला. नाटक ठरल्यापेक्षा बरंच लवकर संपलं. पुढे निकालासोबत परीक्षकांचा शेरा आला, मध्यभाग त्रोटक वाटतो. बरोबरच आहे. मध्यभाग नव्हताच. बक्षीस कशालाच मिळालं नाही.

मी खाली उतरेपर्यंत मेकअपच्या खोलीत सगळे जमले होते. तिची सून माझ्याजवळ आली. रडवेली झाली होती.

“मावशी, माह्यानं झालं. शेजारची शिट्टी झाली का त्या सुरू व्हायच्या. मी म्हणायची, आई, काही नाई, कुकर हाये, गॅस बारीक करा. मंग त्या गॅस बारीक करून यायच्या आन शांत बसायच्या. आपली शेगडी बंदच असायची, पण बटण फिरवलं का बरं वाटे त्यायले. मले वाटलं नाटकात चालून जाईन, तालमीत तर बोलत होत्या.”

तालमीत शेगडी नव्हती. बाकं होती. हे मला तिथे उभ्याउभ्या समजलं. मी तिला तालमीसाठी शिकवलं आणि हिने घरासाठी. घर रोजचं असतं, ते जिंकणारच.

दिग्दर्शकाने ऐकलं सगळं. तो एका पेटीवर बसला. “काकू, दुसऱ्या स्वगतावर नाटक उभं होतं.”

“हो.”

“मले आधी सांगायचं ना तुमी.”

“सांगितलं असतं तर तिले घेतलं असतं का?”

त्याने विचार केला. “नाई,” म्हणाला. खरं बोलला, म्हणून मला त्याचा राग आला नाही. मग उठून तिच्याकडे गेला, वाकून नमस्कार केला आणि भांडी आवरायला लागला.

ती आरशासमोर बसून तोंड पुसत होती. मी तिच्या शेजारी बसले. ती आरशातच म्हणाली, “एक राह्यलं न वं माहं?”

“राहिलं.”

“शिट्टी आयकू आली मले. वाक्यही आठवलं व्हतं.”

“मग काहून नाई बोलली?”

“भात लागला असता ना.” असं म्हणून तिने कापूस फेकला. आठवलं होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. ती नटी आहे, तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

रात्री आम्ही अमरावतीतच तिच्या नात्यातल्यांकडे राहिलो आणि सकाळी एसटी स्टँडवर आलो. मुलगा चौकशीच्या खिडकीशी गेला, सून पाण्याच्या बाटल्या घ्यायला. आम्ही दोघी बाकावर. शेजारी एक बाई वरूडच्या संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन झोपली होती. आदल्या दिवसापासून सगळे माझ्या मैत्रिणीशी गोड बोलत होते. मुलगा म्हणत होता, आता थंडी संपली की पाहू. सून म्हणत होती, डॉक्टरांना विचारू. दिग्दर्शक निघताना म्हणाला होता, पुढच्या वेळी काहीतरी मोठं करू. ती सगळ्यांना हो म्हणाली होती.

आता मला विचारत होती. “पुढचं नाटक कोन्तं हाये वं?”

“तुले नाई.”

“काहून?”

“तू विसरतं.”

मूर्तिजापूरची गाडी मागे घेत होते, कंडक्टर गाडीच्या पत्र्यावर थापा मारत होता.

“पोरानं तसं नाई सांगितलं मले,” ती म्हणाली.

“तो सांगणार नाई. मी सांगून राहिली.”

“हं.” मग माझ्या गुडघ्यांकडे पाहून, “थकली का वं तू?”

“हो.”

“मीही.” तिने पायातली चप्पल काढून पाय बाकावर घेतले, घरी बसते तशी. “मंग तू तरी कायले करतं अजून? सोडून दे ना. तुह्याबिगर कुत्रं भुंकत नाई का?”

“भुंकते. पण उशिरा.”

ती हसली. तिचा तो मोठा हसण्याचा आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. झोपलेली बाई दचकून उठली आणि पिशवी घट्ट धरली. तेवढ्यात मुलगा हात करायला लागला, अकोल्याची गाडी लागली होती. तिच्या चपला मी शोधून दिल्या. खिडकीजवळची जागा तिने घेतली.